बेल वाजली पाहिजे: मुलुंडच्या एका घराची व्हिडिओ डोअरबेल

मुलुंड पूर्व, पुनर्विकासात उभी राहिलेली सात मजली इमारत, चौथा मजला, टू बीएचके. घरात काकू, त्यांचा मुलगा आणि सून. दोघं सकाळी लोकल गाठायला निघतात ते अंधार पडल्यावरच परततात. दिवसभर काकू एकट्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, दुसऱ्याला यंत्र आहे पण ते बहुतेक वेळा टेबलावर पडलेलं असतं.

मुलाला संगणकाची हौस. टीव्हीच्या कपाटात एन१०० प्रोसेसरचा छोटा पीसी, त्यावर होम असिस्टंट आणि फ्रिगेट. होम असिस्टंट म्हणजे घरातल्या स्मार्ट वस्तू एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. फ्रिगेट म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण घरच्याच संगणकावर साठवणारं आणि त्यात माणूस, गाडी, प्राणी ओळखणारं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. हॉलमध्ये आणि ड्राय बाल्कनीत असे दोन कॅमेरे त्यावर आधीच चालू होते. क्लाउड नाही, महिन्याचं भाडं नाही. आता दाराबाहेरही कॅमेरा हवा, तो डोअरबेलच्या रूपात हवा आणि त्याचं चित्र याच फ्रिगेटमध्ये यावं, एवढं ठरवून त्याने मला बोलावलं. घरगुती नेटवर्कची अशी कामं मी करतो.

मुलाची यादी लांबलचक होती: मेगापिक्सेल किती, रात्री रंगीत दिसतं का, चेहरा ओळखते का. काकूंचं म्हणणं एका वाक्याचं. "बेल वाजली की मला कळलं पाहिजे, बाकी कोण आलंय ते मी दार उघडून बघेन की." मुलाने कपाळावर हात मारला, कारण दार उघडून बघणं हेच त्याला थांबवायचं होतं. पण काकूंच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग या सगळ्या खरेदीचा कणा ठरला. डोअरबेल आधी बटण असते, मग कॅमेरा. ते बटण दाबल्याची वर्दी इंटरनेट नसताना, फोन जवळ नसताना घरात पोचते का, हा पहिला प्रश्न. बाजारातल्या बहुतेक डोअरबेल याच प्रश्नावर गळतात, आणि विकणारे नेमका हाच प्रश्न टाळतात.

चित्र वेगळं, बटण वेगळं

"आमच्या सॉफ्टवेअरशी जुळते का" असं आपण विचारतो तेव्हा त्यात दोन प्रश्न असतात.

पहिला चित्राचा. फ्रिगेट काय, विंडोजवर चालणारं ब्लू आयरिस काय किंवा साधा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) काय, सगळ्यांना कॅमेऱ्याकडून सलग वाहणारा प्रवाह लागतो आणि तो बहुधा आरटीएसपी या १९९८ सालच्या प्रमाणपद्धतीने येतो. ऑनव्हिफ ही त्यानंतरची व्यवस्था. ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ती सुरू केली, वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना आणि रेकॉर्डरना एक भाषा मिळावी म्हणून. खोक्यावर ऑनव्हिफ प्रोफाइल एस किंवा टी लिहिलेलं असेल तर चित्राची काळजी बरीचशी मिटली. टी असेल तर एच.२६५ (चित्र कमी जागेत बसवणारी पद्धत) आणि घटनांच्या सूचनाही त्यात येतात.

दुसरा प्रश्न बटणाचा. आरटीएसपीच्या प्रवाहात बटण दाबल्याची खूण नसते. फ्रिगेटला दारासमोर माणूस उभा दिसेल, पण त्याने बेल दाबली की चपला शोधत उभा आहे, हे त्याला कळणार नाही. ती खबर दुसऱ्या वाटेने यावी लागते: ऑनव्हिफच्या घटनेतून, कंपनीच्या स्थानिक एपीआयमधून (दुसऱ्या सॉफ्टवेअरला माहिती देणाऱ्या वाटेतून) किंवा होम असिस्टंटच्या इंटिग्रेशनमधून, म्हणजे तयार जोडणीतून. वाट कोणतीही असो, ती घरातल्या घरात राहिली पाहिजे. बटणाची खबर आधी परदेशातल्या सर्व्हरवर जाऊन मग मुलुंडला परत येत असेल, तर फायबर तुटलेल्या दिवशी काकूंच्या दारावर बेलच नाही.

या दोन चाळण्यांनी यादी झपाट्याने आखडली.

बॅटरीवाल्या सगळ्या पहिल्याच झटक्यात बाद. यात कंपनीचा दोष नाही. बॅटरी वाचवायला कॅमेरा झोपलेला असतो, हालचाल जाणवली की जागा होतो, त्यामुळे सलग प्रवाह देणं त्याला परवडत नाही. मुलाने आधी अशी एक आणून लावली होती आणि परतही केली होती. तिच्यात कुरिअरवाल्यांच्या पाठींचा छान संग्रह जमला होता. कॅमेरा जागा होईपर्यंत माणूस लिफ्टकडे वळलेला.

रिंग आणि गूगल नेस्ट दोन्ही चाळण्यांत अडकल्या. दोन्ही थेट आरटीएसपी देत नाहीत. नेस्टचं चित्र होम असिस्टंटमध्ये बघता येतं, पण गूगलच्या क्लाउडमार्गे. रिंगसाठी हौशी लोकांनी बनवलेला जोडमार्ग आहे, पण तोही रिंगच्या सर्व्हरवरूनच जातो. शिवाय २०२३ मध्ये रिंगने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर ५८ लाख डॉलरची तडजोड केली, आणि ग्राहकांचे खासगी व्हिडिओ कर्मचाऱ्यांना बघू दिले हा त्यातला एक आरोप होता, हे सुनेने वाचलेलं होतं. तिने तिथेच फुली मारली.

युनिफायची डोअरबेल उत्तम, पण ती त्यांच्याच प्रोटेक्ट प्रणालीला बांधलेली. घरात युनिफायचा रेकॉर्डर असेल तर दुसरीकडे बघूही नका. नसेल तर एका बेलसाठी अख्खा संसार विकत घ्यावा लागतो.

उरले दोन रस्ते. एक, हिकव्हिजन किंवा दाहुआ पद्धतीचं बंगल्याच्या फाटकावर लावतात ते दार-स्टेशन: भक्कम धातूचं, पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेऊन चालणारं, आरटीएसपी आणि ऑनव्हिफ दोन्ही असलेलं. मात्र त्याचं बटण मुळात आतल्या मॉनिटरला फोनसारखा कॉल लावण्यासाठी आहे. ती खबर होम असिस्टंटमध्ये आणायला बाहेरून बसवलेली, हौशी मंडळींनी सांभाळलेली जोडणी लागते. दुसरा रस्ता रिओलिंकच्या पीओई डोअरबेलचा. चित्र २५६० बाय १९२०, म्हणजे ४:३ आकाराचं. आरटीएसपी आहे, ऑनव्हिफ आहे, आणि २०२३ पासून होम असिस्टंटच्या मूळ संचातच तिचं इंटिग्रेशन आहे. त्यात 'व्हिजिटर' नावाचा सेन्सर मिळतो. बटण दाबलं की तो पेटतो, आणि सगळं घरच्या नेटवर्कवर.

मी रिओलिंकच्या बाजूने कौल दिला. दार-स्टेशन जास्त टिकाऊ आहे हे मान्य. पण हौशी जोडणी होम असिस्टंटच्या एखाद्या अपडेटनंतर बंद पडली आणि मुलगा तेव्हा बंगळुरूला असला, तर काकूंनी काय करायचं?

४:३ आकाराबद्दल एक सांगतो, कारण जाहिरातीत त्याला कोणी विचारत नाही. डोअरबेल माणसाच्या छातीच्या उंचीवर, माणसापासून हातभर अंतरावर असते. १६:९ चं आडवं, रुंद चित्र इथे काही कामाचं नाही. त्यात लिफ्ट दिसते, जिना दिसतो, फक्त पायपुसण्यावर ठेवलेलं पार्सल दिसत नाही. चित्र जितकं उभं किंवा चौकोनी, तितकं बरं.

हमीचा मुद्दा राहिला. नात्यातलं कोणी दुबईहून येत होतं, त्यांनी ती आणली. भारतातल्या हमीवर पाणी सोडावं लागलं, हे मुलाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. इथल्या दुकानातून घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या सक्तीच्या निकषांवर तपासणी लागते. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर भाव करण्याआधी प्रमाणपत्र मागा. जुना माल खपवणारा दुकानदार याच प्रश्नावर विषय बदलतो.

भिंतीतली वायर

परदेशी व्हिडिओंमध्ये डोअरबेल बसवणं म्हणजे दहा मिनिटांचा खेळ. जुनं बटण काढा, दोन वायरी नव्या बेलला जोडा, संपलं. ते तिथे चालतं, कारण अमेरिकेत बेलच्या बटणापर्यंत ट्रान्सफॉर्मरमधून १६ ते २४ व्होल्ट येतात. आपल्याकडे पॅसेजमधल्या त्या पांढऱ्या बटणात थेट २३० व्होल्टची फेज असते. त्या दोन वायरी २४ व्होल्टच्या डोअरबेलला जोडल्या तर यंत्र जळतं, आणि जोडणाऱ्याचा हातही वाचेलच असं नाही. हा प्रकार पूर्ण टाळावा. वायर असलेली वायफाय बेलच घ्यायची असेल तर २३० व्होल्टवर चालणारा बेल ट्रान्सफॉर्मर बोर्डात आधी बसवून घ्या, तोही इलेक्ट्रिशियनकडून.

इथे वायफायचा विचार तसाही सोडला होता. फायबर बेडरूमच्या खिडकीतून येतं, रूटर तिथेच. तिथून मुख्य दारापर्यंत काँक्रीटच्या भिंती, मग लाकडी दार, मग लोखंडी सेफ्टी डोअर. वर २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि एका मजल्यावर चार फ्लॅट, प्रत्येकात एकदोन रूटर. सलग चित्र वाहून नेणाऱ्या वस्तूला अशा गर्दीत ढकलू नये. पीओईमध्ये एकाच कॅट-६ केबलमधून वीजही जाते आणि चित्रही येतं. वीज ४८ व्होल्टच्या आसपास, एकदिश, आणि यंत्र ओळखल्याशिवाय स्विच ती सोडतही नाही.

प्रश्न फक्त केबल बाहेर न्यायची कशी. नव्या इमारतीची फरशी, नवा रंग, त्यामुळे पट्टी मारायला सून तयार नव्हती. इथे बिल्डरची एक मेलेली वस्तू कामी आली. ताबा देताना त्याने व्हिडिओ डोअर फोन दिला होता, चार तारांचा ॲनालॉग. तो केव्हाच बंद पडला होता, पण दाराबाहेरच्या त्याच्या डबीपासून हॉलमधल्या मॉनिटरपर्यंत भिंतीत कन्सील पाइप होता. मुंबईतल्या गेल्या काही वर्षांतल्या कितीतरी इमारतींत असा पाइप आहे आणि घरमालकाला तो आठवतही नाही. जुन्या चार तारांवरूनच नेटवर्क चालवू असं मुलाचं मत पडलं. इतक्या कमी अंतरावर ते एखाद्या वेळी चालूनही जातं, पण त्या तारा पिळाच्या जोड्यांच्या नसतात आणि पीओईचा भार त्यांच्यावर टाकायला माझा हात धजत नाही.

वायरमनने जुन्या केबलच्या टोकाला कॅट-६ चं टोक बांधलं. नुसतं बांधलं नाही. दोन्हींची साल काढून तांब्याच्या तारा एकमेकींत अडकवल्या, वरून इन्सुलेशन टेप अशी निमुळती गुंडाळली की गाठ कुठे अडकू नये, आणि त्यावर टाल्कम पावडर चोळली. काकूंनी देवघराशेजारच्या कपाटातून डबा काढून दिला आणि "सगळी संपवू नकोस हां" असं बजावलं. मी बाहेरून केबल आत सोडत होतो, तो हॉलमधून ओढत होता. कोपऱ्यावरच्या बेंडला केबल अडली. अशा वेळी जोर लावला की जुनी वायर तुटते आणि मग भिंत फोडण्याशिवाय गत्यंतर नसतं. त्याने वीतभर मागे सोडली, पुन्हा हलकेच ओढली, परत सोडली. पाचव्या-सहाव्या हिसक्याला पावडरचा पांढरा भुगा डबीतून बाहेर पडला आणि पाठोपाठ केबलचं टोक.

आरजे-४५ चं प्लग नंतर मारलं, कारण प्लगसकट केबल त्या बेंडमधून गेली नसती. पॅसेजमध्ये मोबाइलच्या उजेडात आठ तारा लावल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. क्रिंप करण्याआधी, म्हणजे प्लग दाबून पक्कं करण्याआधी, पारदर्शक प्लगच्या टोकाला आठही तांब्याचे ठिपके दिसतात का ते बघायचं. एक जरी मागे राहिला तर बेल कधी लागेल, कधी नाही, आणि दोष मात्र सॉफ्टवेअरवर जाईल.

पॅसेज सोसायटीचा

जागा ठरवताना सेफ्टी डोअर आडवं आलं. हे दार बाहेर उघडतं आणि भिंतीला टेकतं. बिजागरीच्या बाजूला डोअरबेल लावली असती तर दार उघडलं की कॅमेऱ्यासमोर जाळी, आणि रात्री त्या जाळीवरून इन्फ्रारेड परतून चित्र पांढरंफट्ट. सुदैवाने बिल्डरची डबी कडीच्या बाजूला होती.

पण समोर, जेमतेम पाच फुटांवर, शेजाऱ्यांचं दार. काम चालू असतानाच समोरच्या वहिनी बाहेर आल्या. "यात आमचं घर दिसणार का?" त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांचं दार उघडलं की हॉलमधला सोफा थेट कॅमेऱ्यात.

फ्रिगेटमध्ये 'मोशन मास्क' नावाची सोय आहे आणि अनेकांना वाटतं की तो लावला की तो भाग झाकला गेला. तसं नाही. मोशन मास्कने त्या भागातली हालचाल दुर्लक्षिली जाते, चित्र मात्र पूर्ण साठतं. झाकायचं असेल तर कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क लावायचा, म्हणजे काळा चौकोन लागूनच चित्र बाहेर पडतं. तसा लावला, बेलखाली तिरकी पाचर देऊन तोंड थोडं आपल्या पायपुसण्याकडे वळवलं, आणि मग वहिनींना बोलावून टॅबलेटवर चित्र दाखवलं. त्यांच्या दाराच्या जागी काळा ठोकळा बघून त्या हसल्या. दाखवणं महत्त्वाचं. तोंडी आश्वासनापेक्षा ते अर्ध्या मिनिटाचं चित्र जास्त काम करतं.

कायद्याचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातून व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी हाताळलेली माहिती वगळली आहे. पण म्हणून शेजाऱ्याच्या सोफ्याचं चित्रण करायला मोकळीक मिळते असं समजू नये. इंग्लंडमध्ये २०२१ साली ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात एका शेजारणीने डोअरबेल आणि कॅमेऱ्यांवरून दावा जिंकला, आणि न्यायाधीशांनी चित्रापेक्षाही दूरवरचा आवाज टिपला जाण्यावर जास्त बोट ठेवलं. आपल्याकडे तो निकाल लागू नाही, पण मुद्दा पॅसेजला चपखल बसतो. लिफ्टची वाट बघत लोक काय काय बोलतात! म्हणून साठवल्या जाणाऱ्या चित्रणातून आवाज वगळला. फ्रिगेटमध्ये रेकॉर्डिंगचा आवाजासहित आणि आवाजाविना असा वेगवेगळा पर्याय मिळतो. दारातल्या माणसाशी बोलण्यापुरता माइक चालू राहिला.

सोसायटीला एक पानाचं पत्र दिलं: कॅमेरा कुठे, काय दिसतं, किती दिवस साठतं, आवाज साठत नाही. सेक्रेटरींनी ते समितीपुढे ठेवलं आणि मंजुरीचं पत्र आलं. पॅसेज सामाईक आहे, तेव्हा हे पत्र असलेलं बरं. भांडण झाल्यावर मागायला गेलात तर मिळत नाही.

वाजवायचं कसं

थर लावताना नियम एकच होता: वरचा थर कोसळला तरी खालचा वाजला पाहिजे.

सर्वांत खाली डोअरबेलचा स्वतःचा चाइम, म्हणजे घरात प्लगला लावायची तिची घंटी. तो बेलशी थेट जोडलेला असतो. रूटर बंद करून बघितला, पीसी बंद करून बघितला, चाइम वाजला. दुबईची वीजही आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळे प्रश्न फक्त पिनचा होता, तो अडॅप्टरने सुटला. चाइम काकूंच्या खोलीत.

पण चाइमचा किणकिणता आवाज काकूंच्या कानाला लागत नव्हता. त्यांना ओळखीची होती ती जुनी 'डिंग-डाँग'. म्हणून जुनी बेल जागेवर ठेवली. पॅसेजमधल्या जुन्या बटणाची फेज बोर्डातूनच काढून टाकली, आणि बेलच्या वायरीत वायफायवर चालणारा छोटा रिले, म्हणजे दुरून चालू-बंद करता येणारा स्विच, बसवला. 'व्हिजिटर' सेन्सर पेटला की होम असिस्टंट रिले ओढतो. यात एक खुबी आहे. डिंग-डाँग बेलमध्ये कॉइलने दांडा ओढला की डिंग, सोडला की डाँग. रिले ओढलेलाच राहिला तर नुसतं डिंग होतं आणि कॉइल तापत बसते. म्हणून अर्ध्या सेकंदाने आपोआप बंद होण्याची वेळ खुद्द रिलेच्या सेटिंगमध्ये भरली, होम असिस्टंटच्या भरवशावर ठेवली नाही. मधेच पीसी अडकला तरी रिले सुटतो.

तिसरा थर उजेडाचा. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असला तर चांगल्या कानालाही बेल ऐकू येत नाही, काकूंची गोष्टच सोडा. तिथला आणि त्यांच्या खोलीतला एकेक बल्ब बेलसरशी उघडझाप करतो. काकूंना तीन थरांतला हाच सर्वांत आवडला.

आणि दार उघडून बघायची सवय? ती मोडण्याच्या फंदात पडलो नाही. जुना टॅबलेट दाराच्या आतल्या बाजूला, कडीशेजारी, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला. बेल वाजली की त्यावर बाहेरचं चित्र येतं. त्या दारापर्यंत जातातच, कडीला हात घालताना नजर आपोआप तिथे पडते. हेच चित्र सोफ्याशेजारी लावलं असतं तर त्यांनी बघितलंही नसतं. चित्र वेबआरटीसी या थेट संभाषणाच्या पद्धतीने येतं म्हणून सेकंदाच्या आत दिसतं. तुकड्या-तुकड्यांनी चित्र पाठवणाऱ्या एचएलएसने काही सेकंद उशीर होतो, तोवर कडी निघालेली असते.

फ्रिगेटची खोड

आता मुलाच्या आवडीचा भाग. बटण दाबलंच नाही तर? कुरिअरवाले हल्ली बेल दाबत नाहीत, फोन करतात, आणि फोन लागतो तो अंधेरीच्या ऑफिसात बसलेल्या मुलाला. तिथे फ्रिगेटची माणूस-ओळख कामाची.

सुरुवातीला सूचनांचा पाऊस पडला, कारण लिफ्टकडे जाणारा प्रत्येक जण माणूसच. उपाय म्हणजे पायपुसण्याभोवती झोन आखायचा आणि त्यात काही सेकंद रेंगाळणाऱ्याचीच सूचना घ्यायची. पण झोनमध्ये माणूस येईचना. फ्रिगेट माणसाभोवती चौकट काढतो आणि तिच्या खालच्या कडेचा मध्यबिंदू झोनमध्ये आहे का ते बघतो. डोअरबेलला चिकटून उभ्या माणसाचे पाय चित्रात नसतात, त्यामुळे तो बिंदू चित्राच्या अगदी तळाशी टेकतो. पायपुसण्याच्या आकाराचा नीटनेटका झोन त्याला हुकतो. झोन चित्राच्या खालच्या काठापर्यंत ओढला आणि प्रश्न सुटला.

दुसरी खोड दिव्याची. वीज वाचवायला सोसायटीने पॅसेजला सेन्सरचे दिवे लावलेत. कोणी आलं की लख्ख, मग अंधार. दर वेळी कॅमेरा रात्रीच्या काळ्या-पांढऱ्यातून दिवसाच्या रंगात उडी मारतो आणि अख्खं चित्र हललं असं फ्रिगेटला वाटतं. त्यासाठी 'लायटनिंग थ्रेशोल्ड' आहे. चित्राचा ठरावीक हिस्सा एकाच वेळी बदलला तर ती हालचाल धरायची नाही. तो थोडा खाली आणला. दिवाळीत दारात पणत्या लागल्या की पुन्हा हात लावावा लागेल.

ओळखीसाठी ६४० बाय ४८० चा दुय्यम प्रवाह, सेकंदाला ५ फ्रेम. साठवणीसाठी मुख्य प्रवाह. साठवण्याचं गणित सोपं आहे: प्रवाह ४ मेगाबिटचा धरला तर दिवसाला साधारण ४३ जीबी, म्हणजे १ टीबीची डिस्क तेविसेक दिवसांत भरते. सलग चित्रण तीन दिवस आणि माणूस दिसलेले तुकडे पंधरा दिवस असं ठेवलं. त्याहून जास्त कशाला हवं, हे कोणाला सांगता आलं नाही.

बाहेर लोंबणारं टोक

एक धोका फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. घराच्या नेटवर्कचं एक टोक आता पॅसेजमध्ये आहे. दोन स्क्रू काढून डोअरबेल उचलली की मागे केबल, ती लॅपटॉपला लावली की थेट घरात. म्हणून स्विचचं ते पोर्ट वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, टाकलं. तिथून पोचता येतं फक्त पीसीपर्यंत, तेही ठरावीक पोर्टवर. बेडरूममधल्या लॅपटॉपकडे नाही, इंटरनेटकडेही नाही. पासवर्ड बदलला हे सांगायला नको, पण सांगतो, कारण २०१६ मध्ये मिराय नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्याने) लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर कंपनीने दिलेल्या मूळ पासवर्डवरच ताब्यात घेतले होते.

इंटरनेट तोडलं की कॅमेऱ्याचं घड्याळ हळूहळू भरकटतं. उद्या पोलिसांना चित्रण द्यायची वेळ आली आणि वेळ वीस मिनिटं पुढे-मागे निघाली तर पंचाईत. रूटरलाच वेळेचा सर्व्हर केलं, त्या व्हीलॅनमधून वेळेपुरती तेवढी वाट मोकळी ठेवली आणि बेलला त्याचा पत्ता दिला.

वीज जाणं मुलुंडला नेहमीचं नाही, पण मुंबईची वीज गेली तो १२ ऑक्टोबर २०२० चा दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. पीओई स्विच, रूटर आणि पीसी एका साध्या यूपीएसवर घेतले. चाइम आणि जुनी बेल मात्र यूपीएसवर नाहीत. वीज गेली की वर्दी उरते ती टॅबलेटच्या पडद्याची आणि मुलाच्या फोनची. काकूंच्या खोलीतला प्लग यूपीएसवर आणायला वेगळी वायर ओढावी लागेल. ते काम गणपतीनंतर करायचं ठरलंय, तोपर्यंत घरात पाहुण्यांचा राबता असल्याने दाराशी कोणी ना कोणी असतंच.

सुनेला ऑफिसातून दारातल्या माणसाशी बोलायचं असतं. ब्राउझर माइकची परवानगी एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) असल्याशिवाय देत नाही, आणि त्यांचा ब्रॉडबँडवाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाही, त्यामुळे पोर्ट उघडण्याचा प्रश्नच नव्हता, आणि असता तरी मी उघडलं नसतं. टेलस्केल या सेवेचा, घर आणि फोन यांना इंटरनेटवरून जोडणारा खासगी बोगदा घातला, त्याच्याच प्रमाणपत्रावर एचटीटीपीएस मिळालं. आवाज किंचित उशिरा पोचतो. "पार्सल वॉचमनकडे ठेवा" एवढं सांगायला तो पुरतो.